गुरुवारच्या लेक्चरला हजर

दवाखान्याच्या खणात औषधांची सँपल्स साठत जातात. वापरली जात नाहीत, टाकवतही नाहीत. डॉक्टरांकडे किस्से तसेच साठतात. आमच्याकडे जरा जास्तच, कारण दर महिन्याला एका गुरुवारी आम्हा जनरल प्रॅक्टिशनर मंडळींचं लेक्चर असायचं. त्याला म्हणायचं सीएमई. डिग्री मिळाली म्हणून डॉक्टरनं शिकणं थांबवू नये, हा हेतू. पुण्यात दुपारी दवाखाने बंद, म्हणून वेळ दीडची. आधी जेवण, मग ज्ञान. श्रीखंड-पुरीनंतर ज्ञान कितीसं शिरणार!

*

मोबाईल नुकते आले होते. अमेरिकेहून परतलेला एक तरुण स्पेशालिस्ट लॅपटॉप उघडून उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर्वांनी आपले मोबाईल कृपया बंद ठेवावेत.’’

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ डॉ. लिमये बसल्या जागेवरून म्हणाले, ‘‘अहो, आम्हाला पेशंटचे फोन येतात. आपल्याला अजून येत नसतील, तर आपण खुशाल बंद ठेवा!’’

हॉल हसून लोटपोट. त्या बिचाऱ्याचा चेहरा उतरला आणि पुढचा तासभर तो स्लाइडकडे बघूनच बोलला. तो काय शिकवायला आला होता, हे आज आमच्यापैकी एकालाही आठवत नाही. लिमयांचं वाक्य मात्र सगळ्यांना पाठ आहे.

*

वानखेडे अमरावतीचा. कर्वेनगरात दवाखाना टाकला आणि इथलाच झाला. एकदा बंद पडलेलं हृदय छाती दाबून कसं सुरू करायचं, याचं ट्रेनिंग होतं. टेबलावर रबरी पुतळा. वानखेडेचा नंबर आला. तो पुतळ्याजवळ वाकून म्हणाला, ‘‘काय होऊन राहिलं, आजी?’’

ट्रेनर वैतागला. ‘‘सर, पेशंट बेशुद्ध आहे!’’

‘‘विचारून पाहावं लागते. आमच्याकडच्या अर्ध्या आज्या बेशुद्ध नसतातच, सुनेवर रुसलेल्या असतात!’’

*

पुढे हिंजवडीत कंपन्या आल्या आणि पेशंट इंटरनेटवरचे प्रिंटआउट घेऊन यायला लागले. एका इंजिनिअरनं वानखेडेला विचारलं, ‘‘डॉक्टर, यू आर अपडेटेड, ना?’’

‘‘तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अपडेट टाकल्यावर काय होते?’’

‘‘कधी कधी सिस्टिम बंद पडते.’’

‘‘मग माझं हळूहळू होऊ द्या!’’

*

साठे मॅडम पहिल्या रांगेत बसून वहीत सगळं उतरवून घ्यायच्या. आम्ही त्यांना ‘मॉनिटर’ म्हणायचो. एकदा लेक्चरमध्ये सांगितलं, की तापाची अमुक एक गोळी लहान मुलांना देऊ नका. ती आम्ही सगळेच सर्रास देत होतो. मॅडम हॉलमधून निघाल्या त्या थेट कायनेटिकवरून पेशंटच्या घरी! म्हणाल्या, ‘‘माझं चुकलं. ती गोळी आता बाळाला देऊ नका.’’

त्या मुलाच्या आईनं डॉक्टर बदलला. नारायण पेठेत माझ्याकडे आली. म्हणाली, ‘‘त्या मॅडमना औषधातलं फारसं कळत नाही हो. स्वतःच कबूल केलं त्यांनी!’’

त्याच लेक्चरला मी तिसऱ्या रांगेत होतो. दोन वाक्यांत तिला खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, ‘‘असतात एकेक.’’

साठे मॅडम नंतर भेटल्या तरी हसून बोलायच्या. ती बाई कुठे गेली, हे त्यांना कधी कळलं की नाही, मला माहीत नाही.

*

एका गुरुवारी सकाळी वानखेडेचा फोन आला. ‘‘पोरांना खडकवासल्याला नेतो म्हणून कबूल केलं, बापा. माझी सही मारून देशील?’’ रजिस्ट्रेशन चालू ठेवायला लेक्चरच्या हजेरीचे पॉइंट लागायला लागले होते. मी माझ्या सहीखाली त्याची सही ठोकली.

संध्याकाळी त्यानं विचारलं, ‘‘काही नवीन?’’

मला जेवणानंतर डुलकी लागली होती. म्हणालो, ‘‘काही नाही रे. नेहमीचंच.’’

चार-पाच महिन्यांनी त्याची आई गावाहून आली. पोटात जळजळ, मळमळ, जबडाही दुखतोय म्हणाली. प्रवासात काही बाधलं असेल, म्हणून वानखेडेनं ॲसिडिटीची गोळी दिली आणि दवाखान्यात गेला. दुपारी जेवायला घरी आला, तेव्हा ती खुर्चीत बसल्या जागी गेलेली होती.

त्यानंतर त्यानं एकही लेक्चर चुकवलं नाही. विनोद मात्र बंद झाले.

पुढच्या वर्षी एक हार्टच्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, ‘‘बायकांना हार्ट अटॅक येतो तेव्हा छातीत दुखेलच असं नाही. पोटात जळजळ, मळमळ, जबडा दुखणं, एवढंच असू शकतं.’’

वानखेडे उभा राहिला. ‘‘मॅडम, हे नवीन निघालं का?’’

‘‘नाही, सर. गेल्या वर्षी मी इथेच सांगितलं होतं. आपण नव्हता का?’’

आमचे सेक्रेटरी कौतुकानं म्हणाले, ‘‘होते तर! वानखेडे सर हजर नाहीत असं होतच नाही.’’ आणि त्यांनी हजेरीच्या रजिस्टरमधलं गेल्या वर्षीच्या त्या लेक्चरचं पान काढून त्याच्यापुढे धरलं.

वानखेडेनं नावांवरून बोट खाली आणलं. एकाखाली एक असलेल्या दोन सह्यांपाशी ते थांबलं. मी शेजारीच होतो. त्यानं रजिस्टर मिटलं.

‘‘डॉक्टर,’’ तो मला म्हणाला, ‘‘अक्षर चांगलं आहे तुमचं.’’