बाल्कनीतली गुढी

"हे घर त्याचं नाही," अण्णा म्हणाले. "गाडी काढ, समीर."

अण्णा म्हणजे माझे सासरे, समीर माझा दीर. पाडव्याची सकाळ होती. जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या एका शांत गल्लीत आम्ही तिघं गाडीत बसलो होतो. समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत गुढी दिसत होती.

आमची डेटेक्टाय आहे, म्हणजे खासगी डिटेक्टिव्ह एजन्सी. ती माझ्या नवऱ्यानं सुरू केली. त्याला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. अण्णा पूर्वी पुण्यात पोलिसांत होते. इथे आमचं काम फरारी माणसाचा पत्ता शोधून पोलिसांना कळवण्यापुरतं. हात लावायचा नाही.

या वेळचा फरारी एक मराठी इंजिनिअर होता. कोर्टानं मुलीचा ताबा आईला, केतकीला दिला, तेव्हा तो सहा वर्षांच्या इराला घेऊन गायब झाला. त्याच्या नावावर हाफ्टबेफेल, म्हणजे अटक वॉरंट होतं. मागे इंगोलश्टाटला आम्ही चुकीच्या घराची बेल वाजवली. दुपारपर्यंत मराठी ग्रुपवर बातमी फिरली आणि तो निसटला. पुन्हा तसं झालं तर तो मुलीला देशाबाहेर नेईल, ही केतकीची भीती होती. आमचीही.

तो या गल्लीत दिसल्याचं त्याच्या एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितलं होतं. दारावरच्या पाट्या मात्र सगळ्या जर्मन होत्या. गुढी दिसताच समीरनं पोलिसांसाठी फोन काढला. अण्णांनी त्याला थांबवलं. दिवाळीच्या सुमाराला त्या माणसाचे वडील वारले होते. वर्षाच्या आत तो सण करणार नाही. हे दुसऱ्याच कुणाचं घर.

"आपण उभारली का आज?" त्यांनी विचारलं.

समीरनं फोन खिशात ठेवला.

तरी मी दुर्बीण मागून घेतली. काठी म्हणजे झाडूचा दांडा होता. तांब्याच्या जागी गुलाबी प्लास्टिकचा कप. साडीच्या जागी लहान मुलीचा फ्रॉक. गाठीच्या जागी दोऱ्यात ओवलेल्या रंगीत जेलीच्या गोळ्या.

मी केतकीला फोन लावला. इराची गाठी कशी असते, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "गेल्या वर्षी साखरेची मिळाली नव्हती. आम्ही दोघींनी गमी बेअर ओवले होते."

समीरनं पोलिसांना कळवलं. येतो म्हणाले. आम्ही वाट बघत राहिलो. तेवढ्यात बाल्कनीचं दार उघडलं. तोच होता. त्यानं रस्त्यावर नजर टाकली, घाईघाईनं गुढी काढून आत नेली आणि पडदे ओढले. त्यानं आम्हाला पाहिलं होतं का, आजही सांगता येत नाही. अण्णांनी माझ्या हातातली दुर्बीण खाली केली.

तो बॅग घेऊन, इराचा हात धरून जिन्यातून उतरत असताना पोलीस आत शिरले.

केतकी वोल्फ्सबुर्गहून निघाली होती. ती येईपर्यंत युगेंडआम्ट, म्हणजे बालकल्याण कार्यालयाच्या बाईंजवळ इरा बसली होती. गळ्यात ती गाठी. मी मराठीत बोलले, तिनं जर्मनमध्ये विचारलं, "गुढी संध्याकाळपर्यंत ठेवायची असते ना? पापानं आधीच काढली."

मीही जर्मनमध्येच "जा", म्हणजे हो, म्हणाले.

परतीच्या वाटेवर अण्णा फारसं बोलले नाहीत. मात्र तेव्हापासून कुणी नवीन केस घेऊन आलं, की ते आधी फरारी माणसाच्या घरातल्या मुलांची चौकशी करतात. माणसाची नंतर.