अमेरिकन सेंट आणि चिंचेचा कोळ

विषय: ठाण्याच्या नाणेसंग्राहक मंडळाचे सभासदत्व मिळण्याबाबत.
संदर्भ: अर्जदाराने एका तांब्याच्या नाण्याशी केलेले वर्तन.

उपरोक्त विषयास अनुसरून आता तुम्हाला काय सांगायचं? चहा घ्या आधी. ही हकीकत सांगून सांगून मी थकलो आहे. पण घरी कोणी आलं की आमच्या सौ. मला ती सांगायला लावतात. त्यांना ती पाठ आहे, तरी माझ्या तोंडून ऐकण्यात विशेष समाधान मिळतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी कारकुनीतून निवृत्त होऊन डोंबिवलीत घरी बसलो होतो. निवृत्त माणसाला घरात एक खुर्ची मिळते आणि तीत फार वेळ बसू नये म्हणून एक काम मिळतं. मला देवाची तांब्याची उपकरणी घासायचं काम मिळालं. ताम्हन, पळी, पंचपात्र. चिंचेचा कोळ, मीठ आणि अंगठ्याचा जोर. हात चांगला बसला होता. शेजारच्या बायका आपल्या सुनांना आमचं ताम्हन दाखवायला आणत. आयुष्यात माझ्या कुठल्याही कामाची एवढी वाखाणणी झालेली नाही.

दुसरा नाद जुन्या नाण्यांचा. माझ्याकडे होते ते भोकाचे आणि ढब्बू पैसे, म्हणजे तुमच्याही फडताळात निघतील असेच. मंडळात यायला दखल घेण्याजोगं एक तरी नाणं दाखवावं लागे. सचिव देवधरांनी माझा ढब्बू पैसा उलटसुलट पाहिला आणि "घरी जपून ठेवा" म्हणून परत दिला. अर्जही त्याच्याबरोबरच परत.

मग माझा मेहुणा कामी आला. तो मोहने गावच्या कारखान्यात फिटर होता. पूर्वी यंत्रं बसवायला आलेल्या कुणा गोऱ्या इंजिनिअरने जाताना त्याच्या हातावर तांब्याचं एक नाणं ठेवलं होतं.

"दाजी, तुम्हीच घ्या हे," तो म्हणाला. "कॅरमची एक सोंगटी हरवलीय, तिच्या जागी लावतो आम्ही. पण पावडर टाकली तरी घसरत नाय नीट."

नाणं काळपट चॉकलेटी. एका बाजूला मोकळ्या केसांची बाई, दुसऱ्या बाजूला पानांच्या माळेत 'एक सेंट'. वाचनालयातल्या पुस्तकात मी हे चित्र पाहिलं होतं. अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली, तेव्हा पाडलेला सेंट. दोनशे वर्षांचा ऐवज, आणि मोहन्याला त्यावर स्ट्रायकर बसत होता.

मी त्याच दिवशी नव्याने अर्ज केला.

सभेच्या दिवशी सकाळी देवाचं घासून झालं. वाटीत थोडा कोळ उरला होता. माझं लक्ष नाण्याकडे गेलं. चार प्रतिष्ठित लोकांत न्यायची बाई, आणि चेहरा असा.

"अहो, राहू दे तशीच," सौ. म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलंय घासायला?"

"काळं तांबं घेऊन गेलो तर आपल्या घराबद्दल काय म्हणतील लोक?"

ठाण्यात देवधरांसमोर रुमाल उलगडला तेव्हा ट्यूबलाइट नाण्यात लख्ख दिसली. त्यांच्या शेजारी बसलेल्या नाईकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, गहिवरले.

"ही प्रतिकृती आहे का?" देवधरांनी विचारलं.

"छे हो, अस्सल आहे. आज सकाळपर्यंत काळं होतं."

"आज सकाळपर्यंत?"

"तव्याच्या बुडासारखं."

सगळे नाण्यावरची नजर उचलून माझ्याकडे पाहू लागले. कारकुनाला कौतुकाची सवय नसते, त्यामुळे ते नेमकं कसं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं. मी हेच ते समजलो.

"कशानं केलंत?" नाईकांनी हळूच विचारलं.

"चिंच आणि मीठ. बाईच्या केसांत मळ फार होता, तिथं दातांचा जुना ब्रश फिरवला."

नाईक खाली बसले.

देवधरांच्या तबकात त्यांचे स्वतःचे सेंट मांडलेले होते. एकजात काळे. मला त्या माणसाची कीव आली. एवढा विद्वान, पण घरात लक्ष द्यायला कोणी नसावं.

"देवधरसाहेब, हे माझ्याकडे द्या," मी म्हणालो. "शनिवारी देवाच्या उपकरणींबरोबर काढून टाकतो. संकोच करू नका, चिंच घरचीच आहे."

देवधरांनी तबक छातीशी धरलं. नाईकांनी आपली पेटी मांडीखाली घेतली. मागचे एक गृहस्थ तर दाराशी जाऊन उभे राहिले.

शेवटी देवधरांनी मला समजावलं, इस्पितळात रुग्णाच्या नातेवाइकांना समजावतात त्या आवाजात. तो काळपट थर हेच नाण्याचं वय. तो गेला की उरतं नुसतं तांबं. "या सालचा सेंट आमच्यापैकी कुणाकडेच नाही," ते म्हणाले. "आज तुम्हाला उभ्या उभ्या सभासद केलं असतं."

"मग आता?"

"अर्ज फेटाळत नाही. रंग परत आला की घेऊन या."

"साधारण किती दिवस लागतील?"

"मागच्या खेपेला दोनशे वर्षं लागली."

घरी येऊन सांगितलं, तर सौ. शांतपणे म्हणाल्या, "डोंबिवलीत राहतो म्हणावं आपण. दिवाळीपर्यंत होईल."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. नाणं एमआयडीसीच्या कारखान्यांकडच्या खिडकीत ठेवलं. त्या हवेने खिडकीचे गज खाल्ले, नळ काळे केले, शेजाऱ्यांची पितळी कडी ओळखू येईना. नाणं हिरवं झालं.

मंडळाला तसं रीतसर कळवलं. काळ्या रंगाच्या नाण्यांबाबत धोरण ठरलेलं असून हिरव्याबाबत अद्याप विचार झालेला नाही, असं उत्तर आलं.

अर्ज प्रलंबित आहे.