दादाच्या बोटातली सुई

आमचा दादा शिंपी. बत्तीस वर्षं एकच दुकान, एकच मशीन. काज-बटणं माझ्याकडे, बाकी सगळं त्याच्याकडे, कारण दुसऱ्याचं काम त्याला कधी पटलंच नाही. कापड बोटांत धरून डोळे मिटायचा आणि धुतल्यावर किती आटेल ते सांगायचा.

वर्षभरापासून मात्र तो कापड गालाला लावून बघू लागला. गिऱ्हाइकांना वाटलं, केवढा जाणकार. मलाही तेच वाटलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. स्वतःचा राग अजून येतो. त्याची बोटं बधिर झाली होती आणि पठ्ठ्या ताकास तूर लागू देत नव्हता. स्वतःच्या शर्टाची बटणं लागेनात, पाय अडखळू लागले, तेव्हा वहिनीने त्याला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. त्यांनी मानेचा एमआरआय सांगितला.

दादाने एवढंच विचारलं, "बोटांना परत कळायला लागेल?"

"फोटो बघून सांगतो."

एमआरआयच्या दारात तिथल्या बाईंनी विचारलं, "अंगात कुठे धातू?"

"नाही." कॉलरमधल्या टाचण्या त्याने आठवणीने काढल्या होत्या.

बाईंनी तरी हातातलं यंत्र अंगावरून फिरवलं. डाव्या तर्जनीपाशी ते वाजलं. एक्स-रेत मशीनच्या सुईचं तुटलेलं टोक दिसलं. ते कधी घुसलं, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. एमआरआयच्या यंत्रात भलंमोठं चुंबक, त्याने टोक ओढलं असतं. म्हणून आधी ते काढायचं ठरलं.

"जागा बधिर करतो," तिथले डॉक्टर म्हणाले.

"ती आहेच," दादा म्हणाला, आणि शिवण उसवताना बघावं तसा बोटाकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी फोटो निघाला. मानेतली चकती मागे सरकून मज्जारज्जू दबला होता आणि दबलेल्या जागी रज्जूतच पांढरा डाग होता.

"ऑपरेशन लवकर करू," डॉक्टर म्हणाले. "पुढचं नुकसान थांबेल. गेलेलं परत येईल, याची आशा कमी."

"कात्री धरता येईल?"

"बघून धरता येईल."

दादा 'बरं' म्हणाला. मला रडू आलं नाही, राग आला नाही, काहीच आलं नाही.

बाहेर वहिनी औषधांच्या रांगेत उभी होती. तिच्याकडे बघत दादा हळूच म्हणाला, "रस्ता ओलांडताना ती माझा हात धरते ना, तो धरलाय का सोडलाय, ते मला बघावं लागतं. तिला सांगू नकोस."