हळदीसाठी घासलेला डेक

भावाच्या माधवनगरच्या बंगल्यामागे लाकडी ओटा आहे. घरातले सगळे त्याला डेक म्हणतात. बांधला तेव्हा काय ते कौतुक, मग कोण बघतंय! ऊन-पाऊस खाऊन फळ्या राखाडी पडल्या, कडेला शेवाळ धरलं. भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा भावजयीला डेकची आठवण झाली. हळद तिथंच लावायची, फोटो झकास येतात म्हणे.

"वन्सं, पॉलिशवाला म्हणतोय आधी सगळं घासून ठेवा. तुमाला जमतंय की ते."

जमतंय खरं. मालक फौजेतून सुटून आल्यावर फलटणला फर्निचरचं काम करायचे, मी हाताखाली असायची. ते वारले, माझं कपाळ मोकळं झालं आणि मी भावाकडे आले. भाचा तेव्हा रांगत होता, भावजय नोकरीला. ह्या पोराला मी न्हाऊमाखू घातलं, मांडीवर झोपवलं. त्याच्या गालाला बोटभर हळद लावायची, एवढीच माझी हौस. दुसरं काय मागितलं होतं मी?

म्हणून घासायला बसले. धुण्याचा सोडा टाकून ब्रशनं शेवाळ काढलं, फळ्या खडखडीत वाळू दिल्या. ओल्या लाकडावर पॉलिश पेपर मारला की नुसती तुसं उभी राहतात. वर आलेले खिळे ठोकून आत घातले, नाहीतर पेपर टराटरा फाटतो. मग लाकडातल्या रेषांच्या दिशेनं पॉलिश पेपर, आधी जाडा, नंतर बारीक. गुडघे बोंबलत होते. पण राखाडी थर जाऊन खालचं तांबूस लाकूड दिसायला लागलं, तेव्हा माझं मलाच बरं वाटलं. भाचा बघून म्हणाला, "आत्त्या, लय भारी!" झालं, मी पाघळले.

हळदीच्या दिवशी पॉलिश केलेला डेक लखलखत होता. मी वाटीत बोट बुडवणार, तेवढ्यात भावजयीनं वाटी अलगद काढून घेतली.

"वन्सं, तुमी दमलायसा. खाली खुर्चीत बसा. आधी सवाष्णींना लावू द्या."

आधी म्हणे! नंतर कुणी हाक मारलीच नाही. भाऊ शेजारीच उभा. मागच्याच महिन्यात ह्यानं चौकातल्या सभेत विधवांना मान द्या म्हणून भाषण ठोकलं होतं. टाळ्या मीही वाजवल्या होत्या. आता तो मंडपाच्या झालरी न्याहाळत होता. भाच्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि फोटोवाल्याकडं तोंड फिरवलं. मेल्या, ते शेंबडं तोंड मी पुसलंय रे! काळीज असं जळलं की सांगता सोय नाही.

संध्याकाळी पाहुणे पांगले. फळ्यांवर हळदीतेलाचे डाग पडले होते.

"वन्सं, सकाळी जरा घासून घ्या बरं. डाग बसतील."

"घासते की," मी म्हटलं. "त्याला माझा हात चालंल न्हवं?"

तिचं तोंड एवढंसं झालं. भाऊ पाणी प्यायला आत निघून गेला.

सकाळी मी बादली घेऊन घासायला बसले. राहायचं ह्याच घरात होतं.