माझी समुद्रावरची नणंद

माझी नणंद ऋतुजा समुद्रावर नोकरी करते, असं आमच्या युसूफ वडगावात सांगितलं की लोक आधी गालात हसतात. उन्हाळा लागला की टँकरची वाट बघणारं आमचं गाव, त्याला समुद्राचा काय पत्ता. शेजारच्या बायनाबाईनं तर मला विचारलं होतं, जहाजावर तिकिटं फाडतात का त्या? मी म्हटलं, तिकिटं नाही, जहाजवाल्यांच्या पावत्या फाडतात. तेव्हापासून बायनाबाई माझ्याशी जपून बोलते.

खरं काम असं आहे. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या तर तळाशी भलेमोठे लोखंडी खांब ठोकावे लागतात, आणि त्या ठोकण्याचा आवाज पाण्यातून कोसच्या कोस जातो. कुठे ठोकायचं, कधी ठोकायचं, कधी गप बसायचं, हे कंपन्यांना लेखी सांगणारी एक सरकारी कचेरी मुंबईत आहे. तिथे ऋतुजाताई अधिकारी आहेत. अटी त्या लिहितात, आणि त्या पाळल्या जातात की नाही ते बोटीवर जाऊन बघतात. पहिल्या खेपेला उलट्या करून करून त्यांचा पार भुगा झाला होता. बोटीच्या तांडेलानं हसून विचारलं, तुमच्या बीडला समुद्र नाही वाटतं? ताई तोंड पुसत म्हणाल्या, नाही, म्हणून तर त्याचं कौतुक न करता मला काम करता येतं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना जराही लाजल्या नाहीत. लाजणं या बाईच्या वाट्याला आलेलंच नाही.

आमचे सासरे, आप्पाराव, मेंढपाळ. दीड एकर कोरडवाहू रान आणि मेंढरं, एवढ्यावर घर चालतं. तेवढ्यावरच त्यांनी लेकीला बीडच्या वसतिगृहात ठेवलं आणि पुढे कोकणात सागरी जीवशास्त्र शिकायला धाडलं. मेंढक्याची पोर मासे शिकायला गेली, म्हणून पारावर टवाळी व्हायची. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना पोरगी शिकतेय एवढंच पुरेसं होतं.

गेल्या मार्गशीर्षात वेळ अमावस्येच्या सणाला ताई सुटी काढून आल्या. त्या दिवशी आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, भज्जी, आंबील, उंडे, खीर, आणि ज्याच्या बांधावरून जाल तो जेवायला हाक मारणार. एरवी ज्याचं तोंड बघत नाही त्याच्याही हाकेला त्या दिवशी नाही म्हणत नाहीत. मला तर वर्षात हाच सण सगळ्यात आवडतो.

आदल्या संध्याकाळी विजयसिंहदादा स्वतः आमच्या घरी आले. दादा म्हणजे गावातले बडे शेतकरी, जिल्हा परिषदेत होते, अजूनही त्यांच्या शब्दावर गाव उठतं आणि बसतं. आमची मेंढरं तेव्हा त्यांच्याच रानात बसवलेली होती. सोयाबीन निघालेल्या रानात मेंढरं मुक्कामाला ठेवायची, रानाला खत मिळतं, मेंढरांना पाला मिळतो आणि दादांच्या विहिरीचं पाणी. ते पाणी उन्हाळाभर पुरतं, म्हणून आम्ही त्यांना धरून होतो.

दादांनी चहा घेतला आणि ताईंना उद्या आपल्या शेतात जेवायला बोलावलं. गावच्या लेकीला शाल-नारळ देऊ, एक फोटो काढू, आमचे जावईबापूही मुंबईहून येणार आहेत, त्यांच्या कंपनीचे साहेबही येतील. माझी तर छाती फुगली. कुठली साडी नेसायची हे मी मनात ठरवूनही टाकलं. ताईंनी मात्र जावईबापूंच्या कंपनीचं नाव विचारलं. दादांनी सांगितलं. ताई एवढंच म्हणाल्या, सकाळी सांगते, दादा.

दादा गेल्यावर त्यांनी आम्हाला सगळं उलगडून सांगितलं. त्याच कंपनीची फाईल त्यांच्या टेबलावर होती, सोमवारी सही व्हायची होती. फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो, म्हणून कंपनीला त्याच दिवसांत खांब ठोकायचे होते. आणि त्याच दिवसांत तिथल्या उथळ पाण्यात डॉल्फिनच्या माद्या पिल्लं घेऊन येतात. ताईंनी अट घातली होती, तीन महिने ठोकणं बंद. कंपनीचं म्हणणं, आमचा हंगामच जातो.

माझे मालक धर्मराज म्हणाले, एका शालीनं काय व्हतंय? ताई शांतपणे म्हणाल्या, उद्याचा फोटो परवा माझ्या साहेबांकडे जाईल. अधिकारी कंपनीतल्या माणसाच्या सासऱ्याकडे जेवून आल्या, असा तक्रारीचा अर्ज होईल. मग फाईल दुसऱ्या टेबलावर जाईल, आणि त्या टेबलावरच्या माणसाला ही अट आधीपासूनच जड वाटते.

मग मात्र माझा तोल सुटला. "ताई, तुमचा पगार एक तारखेला बँकेत येतो. आमचा चार पायांवर चालत येतो, आन् तो आत्ता दादांच्या रानात बसलाय."

ताई म्हणाल्या, "वहिनी, खरं हाय तुमचं. तरीबी न्हाई जाणार मी."

मला असा संताप आला की त्या रात्री माझ्या हातची एकही भाकरी गोल झाली नाही. मोठ्या शहाण्या लागून गेल्या. आपण मुंबईला निघून जाणार, इथे दादांना तोंड आम्ही द्यायचं. हे सगळं मी तव्याला ऐकवलं, आणि तवा ज्या खोलीत होता तिथून ताईंना स्पष्ट ऐकू जात होतं.

सकाळी त्या दादांच्या वाड्यावर निघाल्या. लोकांसमोर नाही म्हणून दादांचा अपमान करायचा नव्हता, म्हणून घरी जाऊन सांगायचं होतं. मीही मागोमाग गेले. राग होता, पण आमच्या घरची बाई एकटी कशी जाऊ द्यायची? ताईंनी चप्पल बाहेर काढली, दादांना नमस्कार केला आणि सरळ सांगितलं की जावईबापूंच्या कंपनीचं काम माझ्याकडे आहे, ते संपेपर्यंत तुमच्या शेतात मला जेवता यायचं नाही. आवाज वर नाही, खाली नाही. मी दहा वेळा पदर सारखा केला. दादा हसले. काही हरकत न्हाई ताई, म्हणाले, फकत आप्पारावांना एकदा इचारा.

तेवढ्यावरून काय ते कळलं. आम्ही दोघी तशाच रानात गेलो.

आप्पा मेंढरांभोवतीची जाळी गुंडाळत होते. खुंट्या उपटून झाल्या होत्या, घोंगडी, पातेली बांधून झाली होती. दादांचा माणूस बंकट दिवस उगवायलाच येऊन गेला होता. पोरगी माशांच्या पिल्लांपायी कंपनीचे खांब अडवतेय, तिला समजावून सांगा, नाहीतर रान मोकळं करा, असा निरोप होता. आप्पांनी त्याला पाणी पाजलं आणि रान मोकळं करायला घेतलं.

कळपात निम्म्या मेंढ्या गाभण होत्या, काही तर आज-उद्यावर आलेल्या. इथून मांजरा धरणाच्या कडेला जायचं म्हणजे दोन मुक्काम, आणि तिथे आधीच दुसऱ्यांचे कळप उतरलेले. हे आप्पांनी बोलून दाखवलं नाही, पण ताई मेंढपाळाच्याच घरात वाढलेल्या. त्या बांधावर बसल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. माझा रात्रीचा राग कुठल्या कुठे गेला, मला माझीच लाज वाटली.

"आप्पा, ती फाईल मी दुसऱ्याला देते. तुमी जाळी सोडा."

आप्पा त्यांच्याशेजारी उकिडवे बसले. जाळीची दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "त्या तुझ्या माशांची पिल्लं म्हणतेत. अंड्यातून व्हतेत का?"

"न्हाई आप्पा. आपल्या मेंढीवानी, पोटातून. आईचं दूध पितेत."

आप्पांच्या हातातली दोरी थांबली. त्यांनी कळपाकडे बघितलं. एक मेंढी जड अंगानं पाय पसरून उभी होती.

"आन् त्याच टायमाला हे खांब ठोकणार?"

"व्हय."

"मंग मला कशाला इचारायलीस? तिकडची तू राख. इकडची मी राखतो."

मी घरी पळत जाऊन डब्यात भज्जी आणि उंडे भरले, किटलीत आंबील ओतली. आप्पा सणाच्या दिवशी वाटेनं जेवले. जाताना किती बांधांवरून हाका आल्या, ते प्रत्येकाला हात जोडत पुढे गेले. ताई वेशीपर्यंत त्यांच्याबरोबर चालल्या. सोमवारी त्यांनी मुंबईत सही केली. कंपनी वर अपिलात गेली, पण अट हलली नाही. त्या फेब्रुवारीत तिथे एकही खांब ठोकला गेला नाही.

दर रविवारी ताई फोन करतात आणि पहिला प्रश्न तोच, मेंढरं नीट आहेत ना? आप्पा म्हणतात, लई ब्येस, बाई. वाटेत दुसऱ्या मुक्कामाला एक मेंढी व्याली आणि गेली, तिचं कोकरू आप्पा दुसरीला लावून वाढवताहेत, हे त्यांनी सांगितलेलं नाही, आम्हालाही सांगू दिलेलं नाही. आता हे वाचून ताईंना कळेल. कळू दे. त्या रडतील, आप्पांवर चिडतील, माझ्यावर तर नक्कीच. पण कळलं असतं तरी सही त्यांनी केलीच असती, आणि आप्पांना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर ते निघाले.