क्युबाची सिगार, कशेळ्याचा तवा

मामीने एकदाची परवानगी दिली, म्हणून ही सहल झाली.

माझा मामा मोहोपाड्याच्या कारखान्यातून निवृत्त झाला. एका परदेशी साहेबाने दिलेली क्युबन सिगार त्याने अकरा वर्षं जपलेली. हाताने वळलेली, मोजक्याच काढलेल्या मालातली, वर सोनेरी पट्टी. बायपासनंतर धूर बंद झाला. मामी म्हणाली, "कॉलनीत बरं दिसत नाय म्हणून मला दाताची मिश्री सोडायला लावलीत. आता तुमी सोडा. ही एकच ओढा, पण माझ्या घरात नको."

शनिवारी सकाळी चौकमार्गे कर्जतकडे निघालो. मामाच्या मांडीवर स्टीलचा डबा, त्यात ओल्या फडक्यात सिगार, कारण कोरडी पडली की ती तडकते म्हणे. प्रत्येक खड्ड्याला मामा झाकण उघडून तिची तब्येत बघे. कर्जतला वडापाव जरूर खा. आम्ही गाडीबाहेर उभं राहून खाल्ला, सिगारीला लसणाचा वास लागू नये म्हणून.

"हवानाच्या कारखान्यात एक जण उंच खुर्चीवर बसून सिगार वळणाऱ्या बायकांना पेपर वाचून दाखवतो," मामा म्हणाला. "हिला ऐकायची सवय असणार." मग कशेळ्यापर्यंत त्याने डब्याला राशिभविष्य वाचून दाखवलं. रास ठरेना म्हणून बाराही.

कशेळ्यात बाजाराच्या पुढे सुमनकाकींकडे उतरलो. राहणं आणि दोन वेळचं जेवण माणशी नऊशे. तांदळाची भाकरी, सुकट. आदल्या दिवशी फोन करावा लागतो. मामाने त्यांनाही हवाना ऐकवलं.

"इतक्या बाया तंबाखूत बसतात, मंग दाताला काय लावतात?" काकींनी विचारलं.

"ते माहीत नाही."

"मंग काय वाचलंत तुमी?"

सिगार सूर्यास्ताला टेकडीवर ओढायची ठरली होती. डबा गार जागी हवा म्हणून मामाने तो काकींच्या स्वयंपाकघरात ठेवला आणि आम्ही नदीवर गेलो. परतलो तर सगळ्या घरात खरपूस वास.

"दादा, तंबाखू पार सादळली होती तुमची," काकी कौतुकाने म्हणाल्या. "बुरशी धरली असती. तव्यावर भाजून वाटून ठेवली बगा."

डब्यात काळी, बारीक मिश्री होती. सोनेरी पट्टी त्यांनी भाताच्या शिताने डब्यावर चिकटवली होती.

मी संतापलो. मामाने हाताने मला गप्प केलं आणि ओट्यावर बसला. त्याचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. काकींना यातलं काहीच कळलं नाही. त्यांनी चिमूटभर मिश्री दाताला लावली.

"चांगली हाय. जरा मवाळ."

मामाने मान वर केली. "मागाहून काय लागतं?"

"सागाच्या पेटीत गूळ ठेवल्यावानी."

"अरे, हिच्यासोबत आलेल्या माहितीपत्रकात हेच लिहिलंय रं!" मामा उठूनच उभा राहिला. सूर्यास्त त्या चर्चेत बुडाला.

घरी पोचल्यावर मामीने डबा उघडला आणि बराच वेळ हुंगत राहिली. "यात धूर नाय ना?" एवढंच विचारलं. मग मामाने तिलाही हवाना ऐकवलं.

पुढच्या रविवारी मी सकाळीच गेलो. कॉलनीच्या गॅलरीत, सगळ्यांना दिसेल असा, मामा उंच स्टुलावर बसून मोठ्याने पेपर वाचत होता. समोर पाटावर मामी, दातावर बोट, शेजारी सोनेरी पट्टीचा डबा. मामाला चिमूटही मिळत नाही. तो श्वास घ्यायला थांबला, तशी मामी तोंडातलं बोट न काढता म्हणाली, "वाचा पुढं. सवय हाय तिला."