नथ दाबली की दुकान

आमच्या घरचा कॉम्प्युटर तमिळ आहे. विट्याच्या जवळ, ज्या गावात तमिळ अक्षर ओळखणारा माणूस औषधालाही सापडायचा नाही, तिथं आमच्या सोप्यात हा गडी ऐटीत बसलेला असतो. माझे सासरे आणि नवरा कोईमतूरला गलाईचं दुकान चालवतात. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातले निम्मे पुरुष याच धंद्यापायी देशभर पसरलेत. दुकानात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा जुना गावाकडं आला. तिथल्या हिशेबनिसानं तो तमिळमध्ये लावलेला होता, आणि त्यातली सिस्टीम अशी की एकाच भाषेत चालायची. बदलता येत नव्हतं.

मी साताऱ्याची. लग्नानंतर इथल्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची नोकरी लागली, म्हणून नवरा तिकडं आणि मी इकडं सासूबाईंजवळ. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, मी आत्याबाई म्हणते. आत्याबाई तिकडं अठरा-वीस वर्षं राहिलेल्या. नवरा मात्र लहानपणापासून गावात, आजी-आजोबांजवळ वाढला, कारण पोरांची शाळा मराठीत व्हायला हवी होती. आत्याबाई तमिळ बोलतात ते असं फाडफाड, की फोनवर तिकडच्या शेजारणींशी भांडतात की हसतात तेच कळत नाही. साहजिकच कॉम्प्युटरवर त्यांचं राज्य. गल्लीत सगळ्यांना कौतुक, की या बाईला तमिळ वाचता येतं.

संध्याकाळी त्या पदर खोचून खुर्चीत बसायच्या आणि दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर आणायच्या. भट्टी, गिऱ्हाईक, गल्ल्याशेजारी बसलेले सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांना साखर आहे, आणि जेवायच्या बाबतीत ते लहान पोरापेक्षा वाईट. आत्याबाई इकडून बघून फोन लावायच्या, "डबा तसाच हाय तुमचा. मला दिसतंय सगळं!" तिकडं मामा कॅमेऱ्याकडं बघत डबा उघडायचे. मोबाईलवर हेच दिसतं, मी दाखवलंही होतं, पण एवढ्याशा काचेत माणूस मुंगीएवढा दिसतो म्हणून त्यांनी तो परत केला.

मलाही त्यांनी शिकवलं. "पयलं ते वेटोळं दाब. मग खाली नथ दिसंल बग, ती दाब. नथ दाबली की दुकान. आनि मधीच पाटी आली तर कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मार, वाचत बसू नगंस." मला तमिळ येत नाही म्हणून बिचाऱ्या माझ्यासाठी सोपं करून सांगतायत, असं मला वाटायचं. वेटोळं आणि नथ ही तमिळ अक्षरंच होती, आणि खरंच तशी दिसायची. मी शाळेत हे सांगून सगळ्यांना हसवलंही होतं.

ती मधेच येणारी पाटी रोज यायला लागली. एकदा मी मोबाईल समोर धरून तिचं भाषांतर करून घेतलं. सिस्टीम जुनी झाली होती आणि तिची दुरुस्ती आता बंद झाली होती. त्यात कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅमचाही निरोप होता, की जुन्या सिस्टीमवर तो लवकरच चालायचा थांबेल. मी विट्यात कॉम्प्युटरच्या दुकानात विचारून आले. तिथला माणूस म्हणाला, मशीन नवीन सिस्टीम पेलतंय, सगळं पुसून नव्यानं टाकू, तुम्हाला पाहिजे ती भाषा घालू.

मला कोण आनंद झाला! घरी येऊन सांगितलं, "आत्याबाई, आता सगळं मराठीत येणार."

त्या भाजी निवडत होत्या. "चाललंय न्हवं समदं? मग कशाला हात लावायचा?"

"अहो, कॅमेरा बंद पडेल. मामा दिसायचे नाहीत."

"पडंल तवा बगू."

मी जिद्दीला पेटले. खरं सांगायचं तर कॅमेऱ्यापेक्षा मला त्या तमिळची लाज वाटायची. शाळेतल्या बायका घरी आल्या की मी, शिकलेली सून, खुर्चीमागं उभी आणि सासू पुढं बसून बटणं दाबणार, हे मला सलायचं. मराठीत झालं की ती खुर्ची माझी, असा हिशेब मनात होताच. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "आईला विचार." म्हटलं, झालं, श्रावणबाळ. पण मग तोही म्हणाला, की मराठी बरं पडेल, आईला काय, दोन्ही वाचता येतं.

आत्याबाई 'बगू'च्या पुढं सरकेनात. कधी संक्रांत होऊ दे, कधी ह्यांना विचारते. एवढी खमकी बाई नव्याला भिते कशी, याचं मला नवल वाटायचं आणि रागही यायचा. घाबरट म्हातारी, असंसुद्धा मी मनात म्हणून घेतलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोपा भरला होता. गल्लीतल्या बायका, शाळेतल्या माझ्या दोन मैत्रिणी. कुणीतरी म्हणालं, दाखवा की तुमचं दुकान. आत्याबाई बसल्या, वेटोळं, नथ, आणि दुकान आलं. कौतुक झालं. माझी एक मैत्रीण हसून म्हणाली, "अगं, पण हे मराठीत का नाही करून घेत?"

एवढंच निमित्त पुरलं. मी आतून शाळेचा लॅपटॉप आणला, तो मराठीत लावलेला होता, आणि आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवला. "तेच तर सांगतेय कधीची. बघा आत्याबाई, नवीन सिस्टीम अशी दिसेल. सगळं आपल्या भाषेत. ही वरची ओळ वाचा बघू."

वर्गात बोलते त्याच आवाजात बोलले मी. सगळ्याजणी पडद्याकडं बघायला लागल्या. आत्याबाई बघत राहिल्या.

"चष्मा आत ऱ्हायला," त्या म्हणाल्या.

चष्मा फळीवर, माझ्या हाताशीच होता. मी तत्परतेनं उचलून दिला. एवढी कामसू मी आयुष्यात कधी नव्हते. त्यांनी तो घातला. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. ओठ थोडे हलले.

माझ्या वर्गात दर वर्षी एखादं पोर असतं, ज्याचं पुस्तक नेमकं वाचायच्या वेळी हरवतं, ज्याला उभं केलं की खोकला येतो. अशी पोरं मी पहिल्या आठवड्यात ओळखते आणि चारचौघांत त्यांना कधीच उभं करत नाही. याचा मला अभिमान होता. आणि घरात, एका ताटात जेवून, मला दिसलं नव्हतं. नवऱ्याच्या मेसेजला त्या नेहमी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायच्या, त्यावरून मी त्यांना चिडवायचे, "आत्याबाई, किती नमस्कार घालता लेकाला?" त्या हसायच्या.

"लय वर्सं तिकडं काढली बाई," आत्याबाई शेवटी म्हणाल्या, "मराठी पार इसारले."

माझी मैत्रीण खळखळून हसली, तिला ती थट्टाच वाटली. पण गल्लीतली एकही म्हातारी हसली नाही. शेजारच्या नानी, आत्याबाईंच्या बरोबरीच्या, भराभरा उठल्या. "आगं, कवाची बसलीया मी, कुंकू लाव की मला आदी. ही यंत्रं घिऊन बसलीय पोरगी." त्या बोलल्या सगळ्यांना, पण बघितलं माझ्याकडं. गल्लीतल्या सगळ्या जुन्या बायकांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी मिळून ते झाकून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी लॅपटॉप मिटला. हळदीकुंकू लावताना माझा हात आत्याबाईंच्या कपाळाशी गेला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं ते मला समजलं.

सकाळी त्या भाकरी थापत होत्या. मी चुलीपाशी बसले आणि म्हटलं, "आत्याबाई, माझं चुकलं."

"कशाचं?" त्यांनी भाकरी परतली. पुढचा गोळा थापायला घेतला. मग म्हणाल्या, "तिकडं गेल्यावर लय बरं वाटलं हुतं मला. तितं आमच्यातल्या कुनालाच वाचाय येत न्हवतं. ह्यांना सुदिक. पाटी बगून समदेच आडानी. मी बोलाय शिकले, तर लोकं म्हनली हिला येतंय. मी न्हाई म्हनलं न्हाई."

"मी शिकवू तुम्हाला?" मी विचारलं. विचारताक्षणी वाटलं, ही जीभ झडावी.

"आता?" त्या हसल्यासारखं करून म्हणाल्या. "दार लावून बसवशील व्हय मला पाटी घिऊन? ऱ्हाऊ दे." आणि भाकरी टोपलीत टाकत, माझ्याकडं न बघता, "त्याला ठावं न्हाई. लानपनापासनं लोकाला सांगत आलाय, माज्या आईला दोन भाषा वाचाय येत्यात म्हनून."

मी कॉम्प्युटर घेऊन विट्याला गेले आणि दुकानदाराला सांगितलं, नवीन सिस्टीम टाका, पण तमिळमध्ये. त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "म्याडम, तमिळ? हितं?" मी म्हटलं, हो, तमिळच. तो मान हलवत कामाला लागला. गावात आणखी एक वेडी बाई आली, असा त्याचा चेहरा झाला होता.

कॉम्प्युटर घरी आला तेव्हा त्याचा तोंडवळा बदललेला होता. कडेचं बटण मधे आलेलं, चित्रं गोल गोल झालेली. आत्याबाई समोर बसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवत राहिले, म्हणजे मागं कुणी उभं नको. बराच वेळ टिचक्या ऐकू येत होत्या. अक्षरं तीच होती, जागा तेवढ्या हलल्या होत्या. मग त्यांची हाक आली, "घावली गं नथ!"

त्या संध्याकाळी माझ्या मोबाईलवर नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा त्याला माझ्यामागं कॉम्प्युटरचा पडदा दिसला. त्याच्या मागं दुकानातली पोरं, भट्टीशेजारी मामा. नवरा म्हणाला, "हे काय, परत तमिळच? मराठी घ्यायचं ठरलं होतं ना? आईला दोन्ही सारखंच, तुझी सोय झाली असती."

आत्याबाईंचा हात माऊसवर होता. तो तिथंच थांबला.

"मला जमलं नाही," मी म्हटलं. "भाषा विचारली तेव्हा गोंधळले."

"त्यात काय गोंधळायचं? मराठी म्हणून लिहिलेलं असतं तिथं." तो मागं वळून पोरांना म्हणाला, "मास्तरीणबाई बघा आमच्या." आणि पुन्हा मला, "वाचता येत नाही का गं तुला?"

दुकानातली पोरं मोठ्यानं हसली. मामा हसले नाहीत, ते भट्टीकडं बघत राहिले. माझे कान तापले. थट्टाच होती, मला माहीत होतं, मला वाचता येत होतं हेही मला माहीत होतं, तरी मी मान खाली घातली.

"नाही येत," मी म्हटलं.

नवरा आणखी काहीबाही बोलून निघाला. कॉल संपला. आत्याबाई पडद्याकडंच बघत बसल्या होत्या. मग माझ्याकडं न वळता, हळू आवाजात म्हणाल्या, "आज म्हनलीस. पर आता रोज म्हनाय लागंल. जमंल न्हवं?"